वडीलधाऱ्यांसाठी जागा पाहताना
(आकाशवाणीवरून झालेले भाषण)



आकाशवाणीच्या अधिकाऱ्यांनी मला प्रथम 'शाळेतील शिस्त' या विषयावर बोलण्यास बोलाविले होते. मी त्यांस विनंती केली की, त्या विषयावर माझ्यापेक्षा अधिक विद्वान माणसे आपणांस पुष्कळ मिळतील. मी मॅट्रिक होऊन अध्यापनाची पदविका घेतलेला, बुलढाणा जिल्ह्यातील खेड्यांत जन्म काढलेला साधा प्राथमिक शिक्षक. परंतु गेल्या तीन वर्षांत एका विषयाचे जे शिक्षण मला मिळाले, त्याची फी मी फार जबर भरलेली आहे. त्यावर बोलू द्याल तर येतो. त्यांनी ते मान्य केले. विषय असा की, घरातील वृद्ध माणसाची शुश्रूषा घरी होणे अशक्य झाले, म्हणजे त्यास कोठे ठेवावे आणि ती जागा कशी पारखून घ्यावी.

हा विषय ऐकताच काही घरांतील रेडिओ बंद होईल, हे मी जाणून आहे. तीन वर्षांपूर्वी मीही तो बंद केला असता. ज्या घरी म्हातारे माणूस आहे आणि त्यास उचलणारे हात थकले आहेत, त्या घरच्या मंडळींसाठी मी बोलत आहे.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, आज ८४ वर्षांची आहे. मी ६६ वर्षांचा. मी सहा वर्षांचा असताना आई गेली आणि त्याच वर्षी अक्का विधवा होऊन माहेरी परत आली. तिला मूलबाळ नव्हते. पुढे मला न्हाऊमाखू घालण्यापासून माझ्या मॅट्रिकची फी भरण्यापर्यंत सर्व तिने केले. ती फी कोठून आली हे मला कित्येक वर्षे ठाऊक नव्हते. हातातील पाटल्या मोडल्या होत्या, असे पुढे आत्याबाईंकडून कळले. अशा बहिणीस मी दुसऱ्यांच्या स्वाधीन केले आहे. ही गोष्ट आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या बोलण्याचे वजन किती धरावयाचे ते आपले आपण ठरवाल.

झाले असे की, चार वर्षांपूर्वी माझ्या पत्नीस अर्धांगवायूचा झटका आला. ती सावरली, पण डावा हात कामाचा राहिला नाही. मला मधुमेह आहे. मुलगा पुण्यास, मुलगी नागपुरास. अक्काची दृष्टी मंद झालेली, पाय थरथरू लागलेले. एके दिवशी न्हाणीघरात तिला सावरता सावरता आम्ही दोघेही पडलो. तिघांपैकी एकास तरी उठता यावे म्हणून पत्नी काठी टेकीत शेजाऱ्यांस बोलावण्यास गेली. त्या रात्री मुलाचा फोन आला आणि प्रथमच त्या शब्दाचा उच्चार आमच्या घरात झाला.

तो शब्द त्याने इंग्रजीच वापरला: नर्सिंग होम. आमच्या बुलढाण्यात या पाटीखाली बाळंतिणी जातात! १९४९ साली मुंबई सरकारने नर्सिंग होमांच्या नोंदणीचा जो कायदा केला, तो खाजगी दवाखाने व प्रसूतिगृहे यांजसाठी. परदेशांत मात्र या शब्दाने अंथरुणास खिळलेल्या वृद्धांचे कायमचे शुश्रूषागृह समजतात. आपल्याकडे अशा जागांसही 'वृद्धाश्रम' हेच नाव सरसकट देतात, आणि घोटाळ्याचे मूळ येथेच आहे. हिंडत्याफिरत्या वृद्धांस जेवणखाण व सोबत देणारी जागा निराळी, अंथरुणावरच्या माणसाचे मलमूत्र काढणारी, कूस बदलणारी जागा निराळी, आणि ज्यांची स्मृती गेली आहे, जे रात्री उठून दार उघडून चालू लागतात, त्यांस सांभाळणारी जागा आणखी निराळी. तिन्हींच्या दारावर पाटी मात्र एकच असते. हा भेद मला वेळीच कळला असता तर पुढील पुष्कळसा अनर्थ टळला असता.

मुलाने एका मोठ्या शहरातील जागा शोधली. नाव मी सांगणार नाही. रविवारी सकाळी अकरा वाजता, आधी वेळ ठरवून, आम्ही पाहावयास गेलो. बाग होती, लहानसे देऊळ होते, वाचनालय होते. पोहे झाले, चहा झाला. व्यवस्थापकांनी भिंतीवरील छायाचित्रे दाखविली. त्यांत वृद्ध मंडळी दांडिया खेळत होती. मी ते पाहून इतका संतुष्ट झालो की, पुढे केलेल्या पाच पानी करारावर तेथल्या तेथे सही केली. ज्या मास्तराने चौतीस वर्षे पोरांना 'आधी प्रश्नपत्रिका पूर्ण वाचा' म्हणून बजावले, त्याने करार वाचला नाही. चौथ्या पानावर एक कलम होते: निवासी व्यक्ती आपली सर्व कामे आपण करण्यास समर्थ असली पाहिजे, आणि तशी न राहिल्यास नातेवाइकांनी तीस आठ दिवसांचे आत घेऊन जावे.

आणि अक्कास आम्ही विचारलेच नव्हते. 'थोडे दिवस हवापालट' असे सांगून तिला नेले. तिने वाटेत एक अक्षर काढले नाही. मी परत निघालो तेव्हा एवढेच म्हणाली, "मले इचारलं असतं त मी नाही थोडीच म्हनलं असतं, बापू?" हे वाक्य मी आजवर कोणास सांगितले नव्हते.

पाचव्या महिन्यात, रात्री दोनच्या सुमारास, ती लघुशंकेस उठली व पडली. तिने हाका मारल्या. त्या मजल्यावर रात्री कोणीच नसे. राखणदार होता, तो फाटकापाशी. पहाटे साडेपाचला झाडणारी बाई आली तेव्हा अक्का सापडली. खुब्याचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली, ती वाचली, परंतु पुन्हा आपल्या पायांवर उभी राहिली नाही. पंधरा दिवसांनी संस्थेचे पत्र आले. त्यात चौथ्या पानावरील कलमाचा आधार घेतला होता. त्यांनी नियमाबाहेर काही केले असे मी म्हणत नाही. पण ज्या दिवसासाठी जागा हवी होती, त्याच दिवशी जागा संपली. ते साडेतीन तास अक्काने फरशीवर कसे काढले, हे मी तिला विचारले नाही व तिनेही सांगितले नाही.

यानंतर मात्र मी शहाणा झालो. अक्कास घरी आणले, एक बाई दिवसास ठेवली, आणि दोन महिन्यांत एस. टी. ने फिरून सात जागा पाहिल्या. वेळ ठरवून एकदाही गेलो नाही. सकाळी सहास किंवा सायंकाळी सातास जात असे, कारण त्या वेळी अंथरुणे बदलावी लागतात, जेवणे भरवावी लागतात, आणि संस्थेचा खरा चेहरा दिसतो. एके ठिकाणी 'भेटीची वेळ दहा ते बारा' म्हणून फाटकातूनच परत पाठविले. मी त्यांचा ऋणी आहे. माझा एक दिवस वाचला. परक्या माणसास आत फिरू न देणे एक वेळ समजते, पण आपल्या माणसास कोणत्याही वेळी भेटता येणार नाही, असे जेथे सांगतात, तेथे पुढे काही पाहण्याची गरज राहत नाही.

आत गेल्यावर बाग पाहू नये. जे अंथरुणावरून उठू शकत नाहीत, ते कोठे ठेवले आहेत हे विचारावे व आधी तेथे जावे. सोमवारी सकाळी मुलांना ओळीने उभे करून नखे पाहण्याची माझी जुनी सवय; ती येथे फार उपयोगी पडली. वृद्ध माणसाची नखे कापलेली आहेत काय, डोळ्यांच्या कडा पुसलेल्या आहेत काय, चष्मा ज्याचा त्याच्याच नाकावर आहे काय, हे पाहिले की पुष्कळ समजते. कवळ्या व चष्मे यांवर नावे घातलेली नसली, तर दोनचार महिन्यांत एकाचे दुसऱ्यास जाते आणि म्हातारा जेवेनासा होतो. मग घरचे समजतात की, त्याने अन्नावरची वासना सोडली! वासाकडे लक्ष द्यावे. लघवीचा वास तर वाईटच, परंतु फिनाईलचा उग्र दर्प आला तर त्याखाली काय झाकले आहे, असे मनाशी विचारावे.

अंथरुणावर पडून असलेल्या माणसाचा मोठा शत्रू म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम. माकडहाड, खुबा, टाच, जेथे हाडावर मांस थोडे, तेथील कातडी दाबाने मरते. प्रथम नुसता लाल डाग दिसतो व चारपाच दिवसांत त्याचा खड्डा होतो. यास उपाय असा की, साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी, हवेची गादी द्यावी, त्वचा कोरडी ठेवावी व अन्नात प्रथिने असावीत. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न टाकीत असे: कूस बदलल्याची नोंद कोठे आहे? दोन ठिकाणी वही निघाली. त्यांपैकी एकीत पुढील सहा तासांच्या नोंदीही अगोदरच भरलेल्या होत्या. चौतीस वर्षे हजेरीपट चाळलेल्या माणसापुढे ही वही ठेवावयास नको होती.

रात्रीचा प्रश्न सर्वांत मोठा. दिवसा सगळीकडे माणसे दिसतात. रात्री दहा ते सहा किती माणसे जागी असतात, कोठे बसतात, हाक मारली तर ऐकू जाते काय? बेचाळीस वृद्धांच्या एका संस्थेत रात्रीस एक मनुष्य होता व तो झोपत असे. हे त्यानेच मला भोळेपणाने सांगितले. शौचकूप पाहावे. भिंतीस धरावयाची दांडी आहे काय, बैठक उंच आहे काय, आणि दार बाहेर उघडते काय? दार आत उघडणारे असले आणि मनुष्य आत पडले, तर त्याच्याच देहाने दार अडते. ही गोष्ट मला एका सुताराने सांगितली. व्यवस्थापकांपैकी एकासही ती सुचली नव्हती.

शुश्रूषा करणाऱ्या बायांशी बोलावे. त्या किती दिवसांपासून कामास आहेत, त्यांचा पगार वेळेवर होतो काय, हे हळूच विचारावे. जेथे दर दोन महिन्यांनी माणसे बदलतात, तेथे आपल्या आजीस कोणती कूस दुखते हे कोणास ठाऊक असणार? त्या वृद्धांस कशी हाक मारतात तेही ऐकावे. 'ए बुढे' हे तर नकोच, पण पाहुणा दिसताच जिव्हाळ्याचा पूर येतो, तोही मला संशयास्पद वाटतो.

अन्नाचा विचार आपण सुशिक्षित लोक कमी करतो. वऱ्हाडातील म्हातारीस ज्वारीची भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून दिली की ती जेवते. तिच्यापुढे थंड झालेली पोळी व सुकी भाजी ठेवली की ताट तसेच परत जाते, आणि नोंदवहीत 'जेवण दिले' असे लिहिले जाते. शहरातील त्या पहिल्या जागी अक्काचे वजन पाच महिन्यांत सहा किलोंनी उतरले होते. तिचे वऱ्हाडी बोलणे तेथील मुलींना नीट समजत नसे, म्हणून ती मागतही नसे.

'इतक्या माणसांत स्वच्छता कशी राहणार?' असे मला दोन ठिकाणी ऐकावे लागले. आमच्या जिल्ह्यातील माणसास हे सांगू नये. शेगावास श्रीगजानन महाराजांच्या संस्थानात किती गर्दी लोटते हे सर्वांनी पाहिले आहे. तेथील सेवेकरी जमीन कशी ठेवतात हेही पाहिले आहे.

आता अशा जागा आल्या कोठून, याविषयी थोडेसे. पूर्वी निराधार वृद्धास देवस्थान, मठ, अन्नछत्र, नाही तर काशीवास एवढाच आधार असे. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात अपंग व निराधार वृद्धांसाठी निघालेली संस्था आज 'निवारा' या नावाने ओळखली जाते. आमच्या वऱ्हाडचे गाडगे महाराज धर्मशाळा बांधीत हिंडले. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्या उभ्या आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात बाबा आमटे यांनी १९४९ साली काढलेल्या आनंदवनात पुढे 'उत्तरायण' हे वृद्धांचे निवासस्थान झाले. आमच्याच चिखली तालुक्यात पळसखेड सपकाळ येथील 'सेवासंकल्प' ही संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांस आसरा देते. आपल्या राज्य सरकारने १९६३ साली वृद्धाश्रमांस अनुदान देण्याची योजना काढली, व १९९५ साली 'मातोश्री' वृद्धाश्रमांची. २००७ साली संसदेने आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या पोषणाचा कायदा केला. त्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम राज्यांनी काढावा, असे कलम घातले आहे. परंतु कलमाची भाषा 'काढता येईल' अशी आहे, 'काढलाच पाहिजे' अशी नाही, आणि व्याकरणाच्या शिक्षकास या दोहोंतील अंतर चांगले कळते. २०११ च्या खानेसुमारीत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती, आणि राज्यात शेकडा सुमारे दहा माणसे साठीच्या पुढची होती. मग दीडशे खाटा पुरेशा आहेत किंवा नाहीत, हा हिशेब तिसरीतला मुलगा करील.

हा दोष आपल्याच देशाचा असे मात्र समजू नये. इंग्लंडने १९४८ साली आपला जुना गरिबांचा कायदा रद्द केला व वृद्धांसाठी नवी घरे निघतील असे आश्वासन दिले. पुढे पीटर टाउनसेंड या विद्वानाने देशभर फिरून अशा घरांची पाहणी केली व १९६२ साली 'द लास्ट रेफ्यूज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. जुन्या अनाथ-दरिद्री लोकांच्या वसतिगृहांच्याच इमारती पाटी बदलून चालू आहेत, असे त्यास पुष्कळ ठिकाणी आढळले. जपानने २००० सालापासून दीर्घकाळच्या शुश्रूषेचा विमाच काढला आहे. चाळिशी उलटली की प्रत्येकास त्याची वर्गणी भरावी लागते. आपल्याकडे २०२४ च्या अखेरीपासून सत्तरीपुढील सर्वांस, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेत वर्षास पाच लाख रुपयांपर्यंत उपचार मोफत झाले. ही चांगलीच गोष्ट. पण ते रुग्णालयातील उपचारांसाठी आहेत. मोडलेले हाड बसविण्याचा खर्च मिळतो, पुढे पाच वर्षे कूस बदलणाऱ्या बाईचा पगार मिळत नाही. हे दोन खर्च एक समजून कित्येक कुटुंबांचा हिशेब चुकतो.

पैशाचा प्रश्न निघाला म्हणून आणखी एक सांगतो. संस्था विश्वस्त निधी म्हणून नोंदलेली असल्यास नोंदणीचा क्रमांक मागावा. अनामत किती, ती परत केव्हा व किती मिळणार, महिन्याच्या रकमेत औषधे, लंगोट, डॉक्टर येतात काय, रात्री रुग्णालयात हलवावे लागले तर कोण बरोबर जाते, हे सर्व लिहून घ्यावे. मृत्यू झाल्यास कोणास कळविणार, किती वेळ थांबणार, अंत्यविधी कोण करणार, हेही विचारावे. तो प्रश्न विचारताना जीभ अडखळते. परंतु ज्या व्यवस्थापकाने त्याचे सरळ उत्तर दिले, त्याच्याच जागी आज अक्का आहे. आणि 'घर आमच्या नावे करून द्या, मग जन्मभर सांभाळू' असे कोणी म्हणाले, मग तो पुतण्या असो वा संस्था असो, तर सावध व्हावे. २००७ च्या कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट न पाळल्यास, न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येते. म्हणून ती अट दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेली असावी.

आमचाच दाखला घ्या. अक्काच्या नावावर सासरची चार एकर जमीन आहे. ती तिच्या दिरांची मुले वाहतात. तिच्यामागे ती कायद्याने त्यांजकडेच जाणार. निपुत्रिक वृद्धाची मिळकत ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्यास ती वारशाने मिळणार आहे, त्याने त्यास पोसले पाहिजे, असे हाच कायदा म्हणतो. उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे साधा अर्ज करता येतो, वकील लागत नाही, आणि महिना दहा हजारांपर्यंत पोटगी ठरविता येते. मी अर्ज लिहिलाही. अक्काने अंगठा देण्यास नकार दिला. "पोराईले कचेरीत उभं करू नको," म्हणाली. मी चिडलो, दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. मग एका संध्याकाळी तो अर्ज घेऊन मीच पुतण्यांकडे गेलो व त्यांस वाचून दाखविला. त्यांच्यापैकी थोरला उठून आत गेला आणि त्या वर्षीच्या सोयाबीनच्या पैशांतून काही रक्कम आणून माझ्यापुढे ठेवली. तेव्हापासून तो दर सुगीस देतो. कधी कमी, कधी उशिरा, पण देतो. ज्यांस असा मार्ग नाही, त्यांनी १४५६७ हा ज्येष्ठांच्या साह्यासाठी सरकारने ठेवलेला दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावा.

सातवी जागा शेजारच्या जिल्ह्यात, बसने दोन तासांच्या अंतरावर. वर पत्रे, बाग नाही, भिंतीचा रंग उडालेला. अठरा वृद्ध, त्यांतले अकरा अंथरुणावर. त्यांस तीन बाया, व रात्री त्यांपैकी दोघी. आठवड्यातून दोनदा डॉक्टर. मला ती पसंत पडली, परंतु या खेपेस मी हो म्हटले नाही. भाड्याच्या गाडीत गादी घालून अक्कासच तेथे नेले. मुलाने फोनवरून म्हटले, "बाबा, तिला उगाच त्रास कशाला?" मी त्यास सांगितले की, जिला राहावयाचे आहे तिनेच जागा पाहिली पाहिजे.

तिला आत नेऊन एका रिकाम्या खाटेवर निजविले. तिने इकडेतिकडे पाहिले, आणि उशाशी उभ्या असलेल्या बाईस विचारले, "रातच्याले हाक मारली त कोन येते वं?"

ती बाई म्हणाली, "कोन येते म्हंजे? मी अठीच झोपतो, माय." आणि तिने त्याच खोलीच्या कोपऱ्यातील आपली बाज दाखविली.

अक्काने आणखी काही विचारले नाही. थोड्या वेळाने मला म्हणाली, "अठी ठेव. पन एक महिना पाह्यतो मी. नाही जमलं त नेजो." मी व्यवस्थापकांस तसे सांगितले व त्यांनी महिन्याची अट विनातक्रार मान्य केली. अशी अजमावणीची मुदत सर्वांनी मागून घ्यावी.

ती जागा निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. वैशाखात पत्रे तापतात, तेव्हा ओल्या गोणपाटांवर भागवितात. गेल्या मार्च महिन्यात अक्काच्या टाचेवर लाल डाग पडला. पण त्याच दिवशी मला फोन आला, आणि मी पोचेपर्यंत टाचेखाली उशी लागली होती. दर पंधरा दिवसांनी मी जातो, निरनिराळ्या वारी, निरनिराळ्या वेळी. जागा दूर, उत्तम व महाग की जवळची व बेताची, असा प्रश्न मला पुष्कळ जण विचारतात. मी जवळची घेतो. ज्या म्हातारीकडे कोणी तरी नेमाने येते, तिची चादर आधी बदलली जाते. मनुष्यस्वभाव आहे, त्यास इलाज नाही.

'मास्तरांनी बहिणीस टाकले' असे आमच्या गावात बोलले गेले. माझ्या तोंडावर ते एकाच सद्गृहस्थाने बोलून दाखविले. 'आम्ही मरेपर्यंत आईस घरी सांभाळली', असे ते म्हणाले. खरेच आहे, त्यांच्या आईचे सर्व काही सात वर्षे त्यांच्या पत्नीने केले, आणि त्या बाई आज कमरेतून वाकलेल्या आहेत. मी त्यांस एवढेच विचारले की, आपण स्वतः किती वेळा भांडे उचलले? ते रागावून निघून गेले. माझा प्रश्न उद्धटपणाचा होता. पण म्हणून मी ते म्हणाले ते मनातून काढू शकलो असेही नाही. शेवटच्या बसने परत येताना राजूरच्या घाटात अंधार पडतो, तेव्हा त्या पाटल्या आठवतात.

गेल्या शनिवारी गेलो तेव्हा अक्काने अंबाडीच्या भाजीची तक्रार केली. स्वयंपाकीणबाई तीत ज्वारीच्या कण्या घालीत नाही म्हणे! मी जाऊन त्या बाईस विचारले. ती म्हणाली, कण्या घालते, पण तुमच्या अक्कास दात नाहीत म्हणून वाटून घालते. हे अक्कास येऊन सांगितले, तर तिचा विश्वास बसला नाही. येत्या खेपेस घरून कण्या घेऊन ये व माझ्यासमोर शिजवून घे, अशी आज्ञा झाली आहे. पत्नीने कण्या पाखडून डब्यात भरून ठेवल्या आहेत.